भाकरी, वडापाव आणि पिझ्झा



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत घाटकोपरला आमच्या घरी गावाकडून मामा आले होते. मामा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. संध्याकाळी मुलांनी हट्ट धरला आणि पिझ्झा मागवला. अर्ध्या तासाच्या आत एक मुलगा मोटारसायकलवरून चपटे खोके घेऊन दारात हजर! मामांनी खोके उघडले, चष्मा वर सरकवून नीट पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं थालीपीठ! कांदा आत घालायचा तो यांनी वर पसरलाय, एवढंच."

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मामांनी गंभीरपणे विचारले, "आमच्या तालुक्याच्या गावीही आता असं दुकान झालंय रे. पोरं वाढदिवसाला हेच मागतात. भाकरी म्हटली की नाक मुरडतात. शाळेतले तरुण मास्तर मला विचारतात, मुलांना काय सांगायचं? हे वाईट म्हणून सांगायचं, की चांगलं म्हणून?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल, विशेषतः शिक्षकांना. म्हणून आज आपण पिझ्झा कुठून आला, मुंबईच्या उपनगरांत तो कसा रुजला आणि आपल्या भाकरीचे त्यात काय झाले, हे जरा सावकाशीने पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. पिझ्झा हे काही राजेरजवाड्यांचे पक्वान्न नव्हे. इटलीच्या दक्षिणेस नेपल्स नावाचे बंदर आहे. तिथल्या गोरगरीब कष्टकऱ्यांचे हे खाणे. आंबवलेल्या कणकेची चपटी पोळी करायची, तिच्यावर टोमॅटो, थोडे तेल, असलाच तर चीजचा तुकडा ठेवायचा आणि लाकडाच्या भट्टीत भाजायची. नेपल्सच्या जुन्या पद्धतीत भट्टी सुमारे ४८५ अंशांपर्यंत तापवतात आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर काढतात. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली तेव्हा एका भटारखानेवाल्याने तिच्यासाठी खास पिझ्झा केला आणि त्याला तिचे नाव पडले, अशी कथा सांगतात. नेपल्सच्या या कारागिरीला २०१७ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिथली गरीब माणसे पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेली, तसा पिझ्झाही गेला. १९०५ सालापासून न्यूयॉर्कमध्ये त्याची दुकाने दिसू लागली. पुढे १९५८ साली कॅन्सस राज्यात पिझ्झा हट आणि १९६० साली मिशिगन राज्यात डॉमिनोज या दुकानांची सुरुवात झाली. एका दुकानाची दहा, दहाची शंभर अशी साखळी वाढत गेली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज मुंबईची उपनगरे. पण मुळात ती साष्टी बेटावरची गावे. भातशेती, मिठागरे, कोळीवाडे, ताडामाडाच्या वाड्या असा हा मुलूख. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १७३७ साली मराठ्यांनी ती जिंकली आणि १७७४ साली ती इंग्रजांनी घेतली. दोनशे वर्षांच्या त्या पोर्तुगीज अमलाच्या खुणा आजही आपल्या ताटात आहेत. पाव हा शब्द पोर्तुगीज. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज. बटाटा, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही पिके मूळची अमेरिकेतली. दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून ती जगभर फिरली. म्हणजे पाहा, नेपल्सच्या पिझ्झ्यावरचा टोमॅटो आणि आपल्या वड्यातला बटाटा हे दोघेही तिथे आणि इथे पाहुणेच. पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्या आज्या-पणज्यांना मिरची ठाऊक नव्हती, हे मुलांना सांगून पाहा. त्यांना खरे वाटणार नाही!

अंधेरीजवळ मरोळ, आंबोली, तसेच बोरिवलीच्या बाजूला गोराई अशा जुन्या गावठाणांतून ईस्ट इंडियन समाज राहतो. ही मंडळी इथलीच, मूळची शेतकरी आणि मच्छीमार. धर्माने ख्रिस्ती आणि बोली मराठीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासून इथे नोकऱ्या करीत आलो, अशी ओळख पटवण्यासाठी त्यांनी १८८७ साली हे नाव घेतले. यांच्या घरी लग्नकार्यात फुगे करतात. मैद्याचे पीठ आंबवायचे, हाताच्या मुठीतून त्याचे गोळे सोडायचे आणि तळायचे. जुन्या काळी आंबवण्यासाठी ताडी वापरीत. गोव्याचे पोदेरही पावासाठी माडाची सूरच वापरीत. त्यांचा मसाला पाहा. उन्हात वाळवलेल्या मिरच्या आणि कितीतरी जिन्नस भाजून, कुटून तो बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचे नाव बाटली मसाला. तेव्हा आंबवलेल्या मैद्याची ओळख उपनगरांना पिझ्झ्याने करून दिली असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. ती ओळख इथे शेकडो वर्षांची आहे.

मुंबईत गिरण्या निघाल्या, आगगाडी आली, उपनगरे वाढली. १९५७ साली बोरिवली-दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. लाखो माणसे सकाळी गाडीने शहराकडे आणि संध्याकाळी घराकडे धावू लागली. या धावणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, एका हाताने, थोड्या पैशांत पोट भरेल असे काहीतरी हवे होते. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. भजी-वडा आपला, पाव परक्या मुलखातून आलेला. दोघांची जोडी जमली ती कायमचीच. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे काम थांबले, आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसलेच नाही. त्यांपैकी किती तरी घरांना वडापावच्या गाडीने हात दिला. कढई, शेगडी, बेसन आणि बटाटे एवढ्या भांडवलावर संसार उभे राहिले. म्हणून वडापावकडे नुसते खाणे म्हणून पाहू नका. त्यात पुष्कळ कुटुंबांची भाकरी आहे.

मग पिझ्झा आला. मुंबईतच १९९३ साली स्मोकिन जोज नावाची साखळी सुरू झाली. १९९६ साली डॉमिनोजचे भारतातले पहिले दुकान दिल्लीत आणि पिझ्झा हटचे बंगळुरूमध्ये निघाले. त्यानंतर इथल्या माणसांनीही साखळ्या काढल्या. २०११ साली चंदीगडला ला पिनोज नावाच्या दुकानाची सुरुवात झाली आणि बघता बघता त्याच्या शाखा देशभर पसरल्या. आज उपनगरांतल्या जवळजवळ प्रत्येक स्टेशनाच्या आसपास पिझ्झ्याचे दुकान सापडते.

तुम्ही विचाराल, साखळी साखळी म्हणता, ती चालते कशी? समजा, एका माणसाने एक पदार्थ करण्याची पद्धत बसवली. कणीक किती, मीठ किती, भट्टीत किती मिनिटे, सगळे मोजून कागदावर उतरवले. मग तो दुसऱ्याला म्हणतो, "तू तुझी जागा आणि भांडवल घाल. माझं नाव लाव, माझ्याच पद्धतीनं कर, आणि विक्रीतला ठरलेला वाटा मला दे." या कराराला फ्रँचायझी म्हणतात. कणीक एका मोठ्या कारखान्यात मळली जाते आणि थंड गाडीतून दुकानोदुकानी पोहोचते. दुकानातला नवशिका मुलगासुद्धा चार दिवसांत काम शिकतो, आणि अंधेरीचा पिझ्झा नि मुलुंडचा पिझ्झा चवीला एकसारखा लागतो. गिऱ्हाइकाला याचीच खात्री हवी असते. स्वच्छता, ठरलेला भाव, घरपोच सेवा, या गोष्टी साखळीने शिकवल्या हे मान्य केले पाहिजे.

हा धडा वडापावनेही गिरवला. २००१ साली मालाड स्टेशनाजवळ एक दुकान निघाले, ते पुढे जंबोकिंग या नावाने वाढले. २००४ साली कल्याणला गोली वडापाव सुरू झाला. त्यांनी वडे यंत्रावर करून, गोठवून दुकानांकडे पाठवण्याची पद्धत घेतली. दुकानात फक्त तळायचे. म्हणजे परदेशी पिझ्झ्याची युक्ती देशी वड्याला लागू झाली. काही जण म्हणतात, गाडीवरच्या वड्याची सर त्याला नाही. ते ज्याने त्याने चवीने ठरवावे. पण ज्या पदार्थाला लोक गाडीवरचे म्हणून कमी लेखीत होते, तो काचेच्या दुकानात जाऊन बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि पिझ्झा तरी होता तसा राहिला का? छे! घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत गुजराती आणि जैन वस्ती मोठी. तिथे कांदा-लसणाशिवायचा जैन पिझ्झा निघाला. पनीर आले, हिरवी मिरची आली, तंदुरी मसाला आला. घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनजवळ खाऊगल्ली आहे. तिथे संध्याकाळी जाऊन उभे राहा. डोशावर चीज किसून त्याचा पिझ्झा-डोसा करतात, सँडविचवर चीजचा ढीग घालतात. नेपल्सच्या आचाऱ्याने हे पाहिले तर तो कपाळाला हात लावील! पण पोर्तुगीज पावात वडा घालणारे हेच मुंबईकर. त्यांनी पिझ्झ्यालाही सोडले नाही.

आता चीजचीही एक गंमत ऐका. पिझ्झ्यावर जे तार सुटणारे चीज असते, ते मोझरेला. इटलीत नेपल्सच्या आसपास अस्सल मोझरेला म्हशीच्या दुधाचे करतात. आणि आपल्याकडे गोरेगावला तबेल्यातल्या म्हशींसाठी १९४९ साली आरे दूध वसाहत वसवली गेली! म्हशीच्या दुधाचा असा हा मुलूख. खरवस, दही, लोणी आपण केले. चीज करण्याची रीत मात्र आपल्याकडे नव्हती. ज्या गावी दूध आहे, तिथल्या सहकारी संस्थांनी याचा विचार करायला हरकत नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग भाकरीचे काय चुकले? तिची साखळी का झाली नाही? झाली होती. १९९५ साली महाराष्ट्र सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे गावोगावी आणि मुंबईतही काढली. सरकार त्यासाठी पैसे देत असे. पुढे काही वर्षांत ती योजना बंद पडली. कित्येक केंद्रांवर झुणका-भाकरीच्या जागी इतर पदार्थ विकले जाऊ लागले. पैशाची ओढाताण हे एक कारण होतेच. पण दुसरे कारण भाकरीच्या पिठात आहे, आणि ते शाळेत विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगे आहे.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात एक चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. या जाळ्यामुळे कणीक ताणली जाते, आंबवल्यावर हवा धरून ठेवते, थंडीत ठेवली तरी टिकते. म्हणून ती कारखान्यात मळून दूरवर नेता येते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरीसाठी गरम पाणी लागते, नाही तर तांदळाची उकड काढावी लागते. पीठ तिंबून लगेच थापावे लागते. थापताना चिरली तर गेली. पहिल्या बाजूला पाणी फिरवायचे, उलटायची, मग जाळावर धरली की टम्म फुगते. हे सारे हाताला कळते. ते मापात लिहून देता येत नाही. आणि भाकरी तव्यावरून उतरल्यावर जी लागते, ती चार तासांनी लागत नाही. सुगरणीच्या मनगटातली विद्या थंड गाडीत भरून पाठवता येत नाही, ही अडचण आहे.

म्हणून तिला साखळीचा मार्गच नाही असे मात्र समजू नका. लिज्जत पापडाची हकिकत पाहा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पीठ एके ठिकाणी, ठरल्या मापाने मळायचे; बायकांनी ते घरी न्यायचे, लाटून वाळवून परत आणायचे. माप सगळ्यांचे एक, पण हात प्रत्येकीचा. आज हजारो बहिणींचे घर त्यावर चालते. उपनगरांतल्या पोळी-भाजी केंद्रांतही असेच आहे. मुलुंडला किंवा बोरिवलीला संध्याकाळी स्टेशनावरून उतरा. नोकरी करून परतणाऱ्या बायका केंद्रावर थांबून पोळ्या, ज्वारी-तांदळाच्या भाकऱ्या, पिठले, वांग्याचे भरीत घेऊन जाताना दिसतील. मुंबईत बचत गटांचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते, तिथे जिल्ह्याजिल्ह्यातून आलेल्या भगिनी चुलीपाशी बसून भाकरी थापतात, आणि समोर शहरी माणसांची रांग लागलेली असते. गिऱ्हाईक नाही, हे खरे नाही. करणारे हात कमी होत चालले आहेत, हे खरे आहे.

आणि इथेच खरी काळजीची जागा आहे. ज्वारी रोज खाणारी घरे कमी झाली तसा तिचा पेराही कमी होत गेला. रेशनवर गहू-तांदूळ मिळाला, भाकरी मागे पडली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मान मिळाला, पण धान्याला मानाबरोबर खाणारा लागतो. मुलीला भाकरी येत नाही आणि मुलाला ती शिकवावी असे कुणाच्या मनात आले नाही, तर आणखी दोन पिढ्यांनी ती फक्त प्रदर्शनात दिसेल.

संकट भाकरीपुरतेच नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याची मुदत घालून दिली. हवा स्वच्छ हवी, यात वाद नाही. पण लाकडाच्या भट्टीतला पाव हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, त्या लहान बेकरीवाल्यांना नवी भट्टी बसवण्याचा खर्च जड जातो. पाव महागला की वडापाव महागतो, आणि त्याची झळ शेवटी हातावर पोट असलेल्या माणसाला लागते.

आता शिक्षकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. त्यात पिझ्झाही आला. २०२० साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला, की असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत. कारण साधे आहे. मैद्यात कोंडा नसतो, वर चीज आणि मीठ भरपूर. जोडीला गोड पेय घेतले की पोट भरते, पण वाढत्या अंगाला लागणारे सारेच काही मिळत नाही. तेच वडापावचे. तळलेला बटाटा आणि मैद्याचा पाव रोज खाल्ला, तर तो देशी आहे म्हणून अंगी लागेल असे नाही. उलट भाकरीबरोबर पिठले, उसळ किंवा पालेभाजी असली की धान्य आणि डाळ यांची जोडी जमते. त्यातून मिळणारी प्रथिने एकट्या धान्यापेक्षा अधिक पुरी असतात.

तेव्हा मामांच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? मी पुढे त्यांना पत्रातून कळवले ते असे. मुलांना पिझ्झा वाईट म्हणून सांगू नका. वाईट म्हटले की ओढ वाढते, आणि ज्या घरात तो वर्षातून एकदा हौसेने आणला, तिथल्या मुलाला उगीच अपराधी वाटते. ती नेपल्सच्या गरिबाची भाकरी आहे, असे सांगा. टोमॅटो आणि बटाटा किती समुद्र ओलांडून आले ते नकाशावर दाखवा. एका तासाला एका वाटीत कणीक आणि दुसऱ्या वाटीत ज्वारीचे पीठ भिजवा. मुलांना दोन्ही ताणून पाहू द्या. कोणते तुटते आणि का, हे त्यांनीच सांगावे. मग गावातल्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा आणि मुलामुलींना, दोघांनाही, एक एक भाकरी थापायला लावा. पहिली वाकडी होईल, दुसरी चिरेल. होऊ द्या.

मामांचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. गावातल्या शाळेत हा प्रयोग झाला होता. चोवीस मुलांपैकी तिघांचीच भाकरी फुगली, आणि त्या तिघांत दोन मुलगे होते! "बाकीच्यांनी घरी जाऊन आयांकडे पीठ मागितलं," असे मामांनी लिहिले होते. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "पुढच्या खेपेला आलो की तो पिझ्झा पुन्हा मागव. या वेळी बरोबर लसणाची चटणी आणतो."

तुम्हीही आपल्या शाळेत, आपल्या घरी हा प्रयोग करून पाहा.